कोणता थायरॉईड?

पहाटे ५.४५

जानेवारीत सायखेड्याला गोदावरीवर धुकं उतरलं की पलीकडची चांदोरी दिसेनाशी होते. दिसतात ते फक्त पुलावरून कांदा घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरचे दिवे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कुठवर उतरला, ही आमच्या निफाड तालुक्यातली या दिवसांतली पहिली बातमी. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात. गारठ्यानं मण्यांना तडे गेले तर वर्षाची कमाई गेली.

चहा ठेवून मी वही उघडते. निळ्या पुठ्ठ्याची ही लांब वही माझ्या थायरॉईडच्या पेशंटची आहे. नाव, गाव, वजन, नाडी, टीएसएच, टी-थ्री, टी-फोर, चालू गोळी, पुढची तारीख असे रकाने, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. सुरुवातीच्या वर्षांत हा शेवटचा रकाना नव्हताच. तो का आला ते दुपारच्या घरभेटीत येईल. आज कोणाकोणाची तारीख आहे त्यांच्या नावांपुढे पेन्सिलीनं खूण करते. एक नाव मुंबईला परळहून उपचार घेऊन परत आलेल्या पेशंटचं आहे. त्यांची मी दीड महिना वाट पाहतेय.

सकाळी ८.३०

दवाखान्याच्या बाकांवर कानटोप्या, मफलर, घोंगड्या. दार उघडं राहिलं की कोणीतरी ओरडतं, ‘लावा हो ते!’ आणि खिडकीजवळ एक मावशी बसलेल्या, अंगात स्वेटर नाही, पदराच्या टोकानं वारा घेतायत. वय अठ्ठावन्न. सोबत सून.

मी त्यांना आधी बोलावलं. रांगेतल्यांनी कुरकुर केली, पण या थंडीत जिला उकडतंय ती बाई थांबवून ठेवायची नाही.

‘काय होतंय मावशी?’

‘जीव घाबरा होऊ राहिला मॅडम. हातपाय गळाल्यावाणी वाटतं. एक सलाईन लावून द्या, लागवड चालू आहे.’

कांद्याच्या लागवडीत रोज मोडला तर टोळीतली जागा जाते, म्हणून सलाईनची घाई. ती मला समजते. पण सलाईनची बाटली म्हणजे मीठपाणी किंवा साखरपाणी. जी नाडी धावतेय ती त्यानं थांबत नाही. मी मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. एकशे बारा, पण ठोके एकसारखे. वजन त्रेपन्न किलो, दिवाळीच्या आधीच्या केसपेपरवर एकसष्ट. भूक विचारली तर सून म्हणाली, ‘भाकरी तर एखादी जास्तच खातात.’ खाणं वाढलं आणि वजन घटलं की माझ्या डोक्यात दोन नावं येतात, साखर आणि थायरॉईड. साखर तिथल्या तिथे तपासली, ठीक निघाली.

मग हात पुढे करून बोटं पसरायला लावली आणि बोटांवर केसपेपरचाच एक कागद ठेवला. कागदाची कड थरथरू लागली. ‘रोप लावताना असंच होतं,’ मावशी म्हणाल्या, ‘बायका हसतात.’

गळा बघायचा तर पेशंटच्या मागे उभं राहायचं. दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवायची आणि पेशंटला पाण्याचा घोट घ्यायला सांगायचं. घोटाबरोबर जी गाठ वर सरकते ती थायरॉईडची. उजव्या बाजूला मोठ्या बोराएवढी, गुळगुळीत गाठ बोटांखालून वर गेली आणि खाली आली. डावीकडे काही हाती लागलं नाही. दोन्ही हात कानांना लावून वर धरायला सांगितले. तसं केल्यावर चेहरा लाल-जांभळा झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, तर गाठ छातीच्या हाडामागे उतरून शिरा दाबतेय असं समजायचं. मावशींच्या चेहऱ्यात फरक पडला नाही. डोळे बाहेर आलेले नाहीत, पापण्यांना सूज नाही.

‘ही गाठ कधीपासून?’

‘पोरीच्या लग्नाच्याही आधीपासून. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून कोणाला दाखवली नाही.’

आणि मग सुनेनं सांगितलं. आठ दिवस झाले, ती स्वतःची थायरॉईडची गोळी सासूला सकाळी उपाशीपोटी देत होती. ‘गळ्याला गाठ म्हणजे थायरॉईडच ना मॅडम? मला त्याच गोळीनं बरं वाटलं.’

मी तिला रागावले नाही. सासूचं दुखणं पाहून स्वतःच्या डबीतली गोळी काढून देणारी सून आहे ती. आमच्या बोलीत ‘थायरॉईड’ हे एकाच रोगाचं नाव होऊन बसलंय, हा दोष तिचा नाही. ‘मला थायरॉईड आहे’ असं म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं, माझी ग्रंथी कमी काम करते, अंग जड झालंय, रोज गोळी चालू आहे. ती गोळी म्हणजे थायरॉईडचाच रस, रिपोर्टात जो टी-थ्री, टी-फोर म्हणून मोजतात. सुनेला तो कमी पडतो म्हणून बाहेरून द्यावा लागतो. सासूच्या अंगात तो आधीच उतू चाललाय आणि वरून आणखी ओतला गेला.

दोघींना समजेल असं एकच उदाहरण मला येतं, विहिरीवरच्या मोटारीचं. मेंदूच्या खाली पीयूषिका ग्रंथी असते. तिथून टीएसएच येतं, ते म्हणजे मोटारीचा स्विच. रस कमी पडला की ती स्विच दाबते, पुरेसा झाला की बंद करते. कधी कधी थायरॉईडमधल्या एखाद्या पेशीत असा बिघाड होतो की ती स्विचला जुमानत नाही, मोटार डायरेक्ट जोडल्यासारखी. त्या एका पेशीपासून वर्षानुवर्षांत गाठ वाढते. पीयूषिका बिचारी स्विच बंद करून बसते, म्हणून रिपोर्टात टीएसएच जवळजवळ शून्य येतं. बाकीची ग्रंथी झोपी जाते, आणि ही एक मोटार रात्रंदिवस चालूच.

‘म्हणजे वावरात पाणीच पाणी,’ मावशी म्हणाल्या.

अगदी तेच.

सुनेची गोळी मावशींना आजपासून बंद. केसपेपरवर ती आठ दिवसांची गोळी ठळक लिहिली, म्हणजे पुढे रिपोर्ट वाचणाऱ्याची फसगत होणार नाही. ईसीजी काढला, दम्याचं विचारलं. दमा नाही, म्हणून नाडी आवरायला प्रोप्रॅनोलॉलची छोटी गोळी दिली. दमा असता तर ही गोळी हातात दिली नसती. रक्त नाशिकच्या लॅबला गेलं. लागवडीला चार दिवस सुट्टी. त्यावर त्या नाराज झाल्या.

सकाळी ११

बाळंत होऊन चार महिने झालेली मुलगी. धडधड, टीएसएच कमी. दुसरीकडून कार्बिमॅझोल चालू करून आलेली. गळ्यात गाठ नाही, दुखत नाही, डोळे ठीक. बाळंतपणानंतर कधी कधी ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेला रस एकदम सांडतो. इथे कारखाना जास्त चाललेला नाही, गोदाम फुटलंय. कार्बिमॅझोल कारखाना बंद करते, सांडलेलं भरून काढू शकत नाही. अशा सुजेचा जोर सहसा काही आठवड्यांत ओसरतो, मग काही जणींत ग्रंथी उलट मंदावते. बाळंतपणानंतर दुसरा आजारही डोकं वर काढतो, ग्रेव्हजचा. त्यात अंगातल्या अँटीबॉडी सगळी ग्रंथी चाळवतात. म्हणून अँटीबॉडीची तपासणी लिहिली. बाळ अंगावर पितंय, तेव्हा किरणोत्सारी स्कॅन नको. उत्तर येईपर्यंत गोळी थांबवली.

तिच्या मागोमाग कॉलेजातली एक. टीएसएच कमी, पण मुलगी धडधाकट, नाडी बहात्तर. पर्समधून केसांच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, बायोटिन. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं जास्त. तीन दिवस गोळ्या बंद ठेवून पुन्हा रक्त द्यायला सांगितलं.

मावशींचा रिपोर्ट अजून यायचाय, पण तोही अपेक्षेप्रमाणे आला तर तिघींच्या रिपोर्टवर लाल अक्षरात एकच बाण, खाली. तो बाण बघून एकच औषध लिहायचं ठरवलं तर तीनपैकी दोघींचं नुकसान होईल.

दुपारी १२.३०

परळचे पाहुणे आले. द्राक्षबागायतदार, त्रेसष्ट वर्षांचे, सोबत काकू. त्यांचा आजार गाठीचा. वर्षभर कार्बिमॅझोल चालू होती. गोळी घेतली की आकडे ठीक, कमी केली की पुन्हा वर. ग्रेव्हजमध्ये दीड वर्ष गोळ्या घेऊन बऱ्याच जणांचा आजार शमतो. गाठीचा शमत नाही, कारण डायरेक्ट जोडलेली मोटार आपणहून सुटत नाही. गोळी तिला दाबून ठेवते, बरी करत नाही. हे न सांगताच वर्षानुवर्षं गोळ्या चालू ठेवणं मला चुकीचं वाटतं. निदान पुढचा रस्ता पेशंटला माहीत तरी हवा.

तो रस्ता किरणोत्सारी आयोडीनचा. थायरॉईड अंगातलं आयोडीन ओढून घेते आणि चाळवलेली गाठ सगळ्यात जास्त. म्हणून आयोडीनच औषध करून पाजायचं. ते थेट गाठीत जाऊन बसतं आणि तिथल्या तिथे त्या पेशी जाळतं. बाकीची ग्रंथी झोपलेली असल्यानं ती बरीचशी वाचते. बोस्टनला डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली हा उपचार प्रथम माणसावर केला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारलं, टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत. आयोडीन तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतं. आठ दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही, ताजंच लागतं. ज्या गोष्टीला लोक घाबरतात ती आपल्याच देशात, आपल्याच राज्यात बनते आणि साठ वर्षांहून जास्त काळ माणसं बरी करतेय, याचा मला अभिमान आहे आणि मी तो पेशंटजवळ बोलून दाखवते.

जाण्याआधी काकांचा धीर होत नव्हता. शेवटी धीर दिला तो लासलगावनं. आमच्याच तालुक्यात लासलगावला भाभा केंद्राचा विकिरण प्रकल्प २००२ पासून आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर किरण सोडतात, आणि २००७ साली अमेरिकेला गेलेला आंबाही तिथूनच किरण घेऊन गेला. काकांनी विचारलं होतं, ‘म्हणजे आमचं लासलगावच्या कांद्यासारखं?’

घर सारखं, पण गोष्ट वेगळी, असं मी सांगितलं होतं. कांद्यावर कोबाल्टचे किरण पडतात आणि निघून जातात. कांदा किरणोत्सारी होत नाही, त्याच दिवशी खाल्ला तरी चालतो. तुम्ही मात्र औषध पोटात घेणार, म्हणजे काही दिवस तुमच्याच अंगातून किरण निघणार. म्हणून नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईजवळ बसायचं नाही, वेगळं झोपायचं, पाणी भरपूर प्यायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं. हे त्यांना पटलं. खोटा धीर दिला असता तर पटलं नसतं.

पंचवटी एक्स्प्रेसनं दादरला उतरून गेले, औषध घेऊन आले. आल्यावर मळ्यातल्या खोलीत एकटे राहिले. काकू दारात ताट ठेवून मागे सरायच्या. ‘नातू कुंपणाजवळून हाका मारायचा,’ काका सांगत होते आणि बोलता बोलता थांबले.

आज नाडी चौऱ्याहत्तर, वजन तीन किलो वर, कागद बोटांवर स्थिर. टी-थ्री, टी-फोर उतरलेत, टीएसएच अजून झोपलेलंच. त्याला घाई नसते, पीयूषिका कित्येक महिने सुस्त राहते. फक्त टीएसएच बघून ‘अजून बरं नाही’ म्हणणं चूक. पुढे ग्रंथी मंदावली तर सकाळच्या सुनेच्या डबीतल्यासारखी गोळी लागेल, तेही सांगितलं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

काकूंनी द्राक्षांची पाटी ठेवली. मी दोनच घड ठेवून घेतले.

दुपारी २

भाकरी, मेथी, ठेचा. जेवताना आईची आठवण येते. ती खडेमीठच वापरायची, त्यात आयोडीन नसायचं. गळ्यातली गाठ तशी जुन्या ओळखीची, सुश्रुतसंहितेत तिला ‘गलगंड’ म्हटलंय. पण मिठातल्या आयोडीनचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला १९६२ साली. आयोडीन कमी मिळालं की ग्रंथी वाढते, वर्षं लोटली की तिच्यात गाठी धरतात. आणि अशा जुन्या गाठीला एकदम भरपूर आयोडीन मिळालं की ती पेटू शकते. घरच्या मिठाची भीती नको, ते चालूच ठेवायचं. खरा धोका सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या रंगाचा, त्यात आयोडीन कितीतरी पटींनी जास्त. गाठीच्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर मी लाल शाईनं लिहून देते, ‘सीटीचा रंग देण्याआधी थायरॉईडची गाठ आहे हे सांगा.’

दुपारी ३.३०

घरभेट. नदीकाठच्या वस्तीवर बाबा बाजेवर पडलेले. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळत. रक्तदाब घेतला, टाचा पाहिल्या, जखम नाही. सुनेनं, मुलानं फार निगुतीनं ठेवलंय.

नऊ वर्षांपूर्वी हे बाबा माझ्याकडे चालत आले होते. थकवा, वजन कमी, कशात लक्ष नाही. घाम नाही, थरथर नाही, उलट गप्प गप्प. म्हाताऱ्या माणसांत हा आजार असा मुका येतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, समोर बसलेला ओळखता आला नाही. मी नाडी अर्धा मिनिट मोजली आणि दुप्पट केली. पूर्ण मिनिट बोट ठेवलं असतं तर ठोके एका चालीत नाहीत हे कळलं असतं. गळ्यावर हात ठेवलाच नाही. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

तीन आठवड्यांनी अर्धांगवायू झाला. जास्तीच्या थायरॉईड रसानं हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, रक्त तिथे घुटमळतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत जाते. नाशिकला भरती केल्यावर टीएसएच शून्याजवळ निघालं आणि सोनोग्राफीत तीन गाठी. मी घरच्यांना तेव्हाच सांगितलं की हे माझ्या नजरेतून सुटलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘येत राहा मॅडम.’ तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी येते. वहीतला ‘कारण’ हा रकाना त्या महिन्यात आखला.

सायंकाळी ६.१५

दवाखान्यात पुन्हा गर्दी, खोकला, सर्दी, एकाच्या बोटाला द्राक्षकात्रीची जखम. मोबाईलवर मावशींचा रिपोर्ट आला. टीएसएच ०.०१ च्या खाली, टी-थ्री आणि टी-फोर दोन्ही वर. सुनेला फोन लावून दोघींना बोलावून घेतलं. हे फोनवर सांगायचं नसतं.

‘कॅन्सर आहे का?’ हा पहिला प्रश्न सुनेचा, दबक्या आवाजात.

खरं ते सांगितलं. जास्त काम करणारी गाठ कॅन्सरची निघणं फार दुर्मीळ. म्हणूनच टीएसएच कमी असेल तर आधी सुई टोचायची नसते, आधी स्कॅन. सोनोग्राफी गाठ केवढी, कशी ते दाखवते. ती काम किती करते हे सोनोग्राफीला कळत नाही, ते स्कॅनला कळतं. शिरेतून टेक्नेशियमचं इंजेक्शन देतात, त्याचा जोर सहा तासांत निम्मा होतो. वीसेक मिनिटांनी कॅमेऱ्याखाली झोपवतात. गाठ काळीभोर ठिपक्यासारखी उठून दिसली आणि बाकीची ग्रंथी जवळपास दिसेनाशी झाली, की निदान पक्कं. १९१३ साली अमेरिकेत डॉ. हेन्री प्लमर यांनी डोळे बाहेर येणारा आजार वेगळा आणि गाठीचा वेगळा हे मांडलं, तेव्हा हे चित्र काढायची सोय नव्हती. पेशंट बघून, गळा चाचपून त्यांनी ते ओळखलं.

परळचं नाव ऐकल्यावर मावशींनी मोजकंच विचारलं. ‘गोळीनं नाही का भागणार? मुंबईला कोण नेणार मला?’

गोळीनं सुरुवात होईल, स्कॅन झाला की लगेच. आकडे खाली आले की मग ठरवू, आयोडीन की ऑपरेशन. गाठ मोठी असती, गिळायला किंवा श्वासाला अडथळा असता, तर मी ऑपरेशनच सुचवलं असतं. मुंबईला कोण नेणार याचं उत्तर सुनेनं दिलं, ‘मी नेईन की.’ मावशींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता तिचा हात धरला.

वहीत मावशींच्या नावापुढे ‘कारण’च्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, ‘गाठ? स्कॅननंतर.’

रात्री ९.४०

फोन. पाच आठवड्यांपूर्वी कार्बिमॅझोल चालू केलेल्या एका बाईचा नवरा. ‘मॅडम, तुम्ही सांगितलं होतं ताप आला, घसा दुखला तर फोन करा. दोन्ही आहे. एवढ्या रात्री करावा का नाही, असं झालं होतं.’

करायलाच हवा होता. या गोळीनं हजारात दोन-चार जणांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. मग साधा घसाही जीवावर बेततो. प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे सांगते, केसपेपरवर लिहून देते, आणि घरी जाऊन ते कोणाच्या लक्षात राहील का ही धास्ती मला सतत असते.

‘रात्रीची गोळी दिली का?’

‘अजून नाही.’

‘देऊ नका. गाडी आहे ना? आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला घेऊन जा. पांढऱ्या पेशींची मोजणी, लॅबवाल्याला मी फोन करून ठेवते. कमी निघाल्या तर तिथूनच नाशिकला भरती करायचं, घरी परतायचं नाही.’

बाहेर गारठा वाढलाय. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच पाणी गरम करून प्यायले. पुलावरून शेवटची एसटी गेली. घड्याळात साडेदहा, मग पावणेअकरा. झोपण्याचा प्रश्नच नव्हता.

११.१० ला लॅबमधून फोन आला. पांढऱ्या पेशी ५,८००, न्यूट्रोफिल ६२ टक्के. पेशी शाबूत आहेत, घसा हवेचा आहे.

नवऱ्याला लगेच फोन केला. पलीकडून कुत्र्याचं भुंकणं आणि मोटरसायकलचा आवाज येत होता, अजून रस्त्यावरच होते.

‘ठीक आहे सगळं. तापाची गोळी द्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा. उद्या साडेआठला घेऊन या.’

‘आणि थायरॉईडची गोळी? फेकून देऊ का?’

‘फेकू नका. पण मी घसा बघेपर्यंत देऊही नका.’